लाकडी पेलेटसाठी शाश्वतता प्रमाणपत्र कसे मिळवावे: तोडीच्या जागेपासून वीजकेंद्रापर्यंत

युरोपातील अनेक वीजकेंद्रांनी गेल्या काही वर्षांत कोळशाच्या जागी लाकडी पेलेट, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून बनवलेल्या लहान कांड्या, जाळण्यास सुरुवात केली आहे. इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्कशायरमधील ड्रॅक्स केंद्राने आपल्या सहा कोळसा संचांपैकी चार संच २०१३ ते २०१८ या काळात पेलेटवर आणले, आणि डेन्मार्कमध्ये शहरांना नळांवाटे गरम पाणी पुरवणाऱ्या मोठ्या केंद्रांतही लाकूड हे महत्त्वाचे इंधन झाले. मात्र झाड पुन्हा वाढते, एवढ्यावरून त्याचे लाकूड जाळून मिळालेली ऊर्जा आपोआप नवीकरणीय ठरत नाही. लाकूड कोणत्या जंगलातून आले, तोड कायदेशीर होती का, तोडलेल्या जागी जंगल पुन्हा उभे राहिले का, आणि ते वाळवताना व वाहून नेताना किती जीवाश्म इंधन खर्ची पडले, या प्रश्नांची उत्तरे पुराव्यासह द्यावी लागतात. ही उत्तरे तपासून त्रयस्थ संस्था जे प्रमाणपत्र देते, ते मिळवण्याची पद्धत येथे सांगितली आहे.

हे लेखन युरोपात वनशास्त्र किंवा ऊर्जा या विषयांत शिकणाऱ्या व काम करणाऱ्या मराठी वाचकांसाठी, तसेच अशा उद्योगांसाठी नोंदी, हिशेब किंवा लेखापरीक्षण करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणादाखल लॅटव्हियातील एक मध्यम आकाराचा पेलेट कारखाना डोळ्यांसमोर ठेवला आहे. तो आसपासच्या जंगलांतून आणि सॉ मिलमधून लाकूड घेतो, रीगा बंदरातून माल पाठवतो आणि डेन्मार्कमधील वीज व उष्णता केंद्राला विकतो. प्रमाणन योजना म्हणून ‘सस्टेनेबल बायोमास प्रोग्रॅम’ म्हणजे एसबीपी निवडली आहे, कारण औद्योगिक पेलेटच्या व्यापारात ती सर्वाधिक वापरली जाते. ही योजना २०१३ मध्ये युरोपातील वीज कंपन्यांनी एकत्र येऊन सुरू केली, तिच्या मानकांचा पहिला संच २०१५ मध्ये आला आणि सुधारित संच २०२३ मध्ये प्रकाशित झाला. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या हातात कोणती आवृत्ती आहे हे पाहून घ्यावे. जुन्या आवृत्तीच्या नमुन्यांवर केलेले सगळे काम नंतर पुन्हा करावे लागते.

प्रथम कोणता कायदा लागू आहे ते पाहावे

प्रमाणपत्राची गरज विकणाऱ्याच्या देशावरून ठरत नसून लाकूड जाळणाऱ्याच्या देशावरून ठरते. युरोपीय संघात याचा पाया २०१८ च्या नवीकरणीय ऊर्जा निर्देशात आहे, ज्याला व्यवहारात ‘रेड दोन’ म्हणतात. त्याच्या एकोणतिसाव्या कलमात जंगलातून येणाऱ्या जैवइंधनाच्या अटी दिल्या आहेत. घन जैवइंधन जाळणाऱ्या, २० मेगावॉट किंवा त्याहून अधिक औष्णिक क्षमतेच्या केंद्रांना त्या लागू होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारणेने, म्हणजे ‘रेड तीन’ने, ही मर्यादा ७.५ मेगावॉटपर्यंत खाली आणली. त्यामुळे आपला ग्राहक लहान आहे, म्हणून आपल्याला प्रमाणपत्राची गरज नाही, हा जुना समज आता सोडून द्यावा. ब्रिटन आणि जपान यांचे नियम स्वतंत्र आहेत, आणि त्या बाजारांत माल पाठवायचा असल्यास ग्राहकाकडून त्यांच्या अटी लेखी मागवून घ्याव्यात.

येथे एक घोटाळा वारंवार होतो, म्हणून तो आताच दूर केलेला बरा. ‘ईएनप्लस’ हे पेलेटवरील चिन्ह गुणवत्तेचे आहे. पेलेटची आर्द्रता, राख, व्यास आणि मजबुती ठरलेल्या मर्यादेत आहे, एवढेच ते मुख्यतः सांगते. अतिशय उत्तम दर्जाचे पेलेट चुकीच्या जंगलातून आलेले असू शकते, आणि अगदी निर्दोष जंगलातून आलेले पेलेट गुणवत्तेत कमी पडू शकते. या दोन गोष्टींची कागदपत्रे, तपासणी आणि जबाबदार व्यक्ती वेगवेगळ्या ठेवाव्यात.

जंगलाविषयीच्या अटी मुळात पाच आहेत. तोड कायदेशीर असावी. तोडलेल्या क्षेत्रावर जंगलाचे पुनरुत्पादन व्हावे. निसर्गसंरक्षणासाठी राखलेली क्षेत्रे, पाणथळ जागा आणि पीटभूमी (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची ओली जमीन) सुरक्षित राहाव्यात. तोड करताना माती व जैवविविधता यांची कमीत कमी हानी व्हावी. आणि जंगलाची दीर्घकालीन उत्पादनक्षमता टिकावी किंवा वाढावी. त्यांच्या जोडीला कार्बनसाठ्याची वेगळी अट आहे: ज्या देशातून लाकूड आले तो पॅरिस कराराचा सदस्य असावा आणि त्याच्या राष्ट्रीय उद्दिष्टांत शेती, वने व भूवापर यांतील उत्सर्जनाचा हिशेब असावा, किंवा त्या देशात कार्बनसाठा राखणारे कायदे असावेत. यांपैकी काही नसल्यास प्रत्यक्ष पुरवठा क्षेत्रात साठा घटत नाही हे दाखवावे लागते. रेड तीनने यात आणखी भर घातली: प्राथमिक आणि जुन्या जंगलांचा ऱ्हास, त्यांचे रोपवनात रूपांतर, बुंधे व मुळे उपटणे, आणि नाजूक मातीवरील तोड यांबाबतच्या अटी अधिक कडक झाल्या. सॉ मिलच्या दर्जाचे ओंडके, व्हिनिअरचे ओंडके, औद्योगिक दर्जाचे गोल लाकूड, बुंधे व मुळे ऊर्जेसाठी जाळण्याला थेट आर्थिक साहाय्य देऊ नये, असेही तिने ठरवले.

या अटी सिद्ध करण्याचे दोन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर देशातील कायदे, देखरेख आणि अंमलबजावणी पुरेशी आहे, असे दाखवले जाते. ते दाखवता येत नसेल, तर दुसऱ्या स्तरावर, म्हणजे ज्या क्षेत्रातून लाकूड येते तेथील व्यवस्थापन पद्धतीचा पुरावा द्यावा लागतो. पहिला स्तर सोपा दिसतो आणि बहुतेक कारखान्यांचा कल तिकडेच असतो. पण कायदा पुस्तकात असणे आणि जंगलात पाळला जाणे यांत अंतर असू शकते. शेजारच्या एस्टोनियाला ‘नातुरा २०००’ या संरक्षित क्षेत्रांतील तोडीला योग्य परिणाम-मूल्यमापनाविना परवानगी दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने जून २०२१ मध्ये औपचारिक नोटीस पाठवली होती. युरोपीय संघाच्या सदस्य देशाबाबतही असे घडू शकते, तेव्हा देशाच्या नावावर विसंबून राहू नये.

लाकडाचे वर्गीकरण करावे

कारखान्याच्या आवारात आलेला भुसा, ढलप्या आणि ओंडके एकाच चुऱ्यात मिसळतात, परंतु कागदावर ते कधीही मिसळू देऊ नयेत. जंगलातून थेट आलेले गोल लाकूड, शेंडे आणि फांद्या हा प्राथमिक कच्चा माल होय. सॉ मिलमध्ये फळ्या कापताना निघालेला भुसा व कडेचे तुकडे हा दुय्यम माल, आणि फर्निचर किंवा सुतारकामाच्या कारखान्यांतून येणारा रंधा-भुसा हा त्यापुढच्या टप्प्यातला माल समजला जातो. वापरून टाकून दिलेले लाकूड हा आणखी वेगळा वर्ग आहे.

हे वर्गीकरण केवळ नावापुरते नाही, कारण पुढील सगळे ओझे त्यावरून ठरते. युरोपीय कायद्याप्रमाणे सॉ मिलचा भुसा हा उद्योगातील अवशेष आहे; त्याला हरितगृह वायूंच्या बचतीची अट लागू होते, जंगलाविषयीच्या अटी नाहीत. मात्र जंगलात उरलेले शेंडे आणि फांद्या हेही ‘अवशेष’ असले, तरी ते जंगलाचे अवशेष आहेत आणि त्यांना जंगलाच्या सगळ्या अटी लागू होतात. एकाच शब्दाने दोन्ही गोष्टी ओळखल्या जात असल्यामुळे पुरवठादाराच्या चलनावर नुसते ‘अवशेष’ असे लिहिलेले स्वीकारू नये. त्यावर मालाचा प्रकार, वृक्षजाती, वजन, आर्द्रता आणि तो कोठे निर्माण झाला ते स्थान, हे सर्व असावे असा करारातच उल्लेख करावा. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये प्रकाशित केलेल्या अभ्यासात, संघात ऊर्जेसाठी वापरल्या जाणाऱ्या लाकडापैकी सुमारे ३७ टक्के प्राथमिक, ४९ टक्के दुय्यम आणि उरलेले १४ टक्के कोणत्याच वर्गात न बसवता आलेले आढळले. खंडाच्या पातळीवर ज्याचा पत्ता लागत नाही, ते लाकूड कोणत्या ना कोणत्या कारखान्याच्या फाटकातून आत गेलेलेच असते. म्हणून वर्गीकरणाची नोंद फाटकावरच, वजनकाट्यापाशी, त्याच दिवशी व्हावी. महिनाअखेरीस आठवून भरलेली नोंदवही लेखापरीक्षक लगेच ओळखतो.

वर्गीकरण ढिले राहिल्यास काय होते, याचे मोठे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. ऑगस्ट २०२४ मध्ये ड्रॅक्स कंपनीने तेथील नियामक ‘ऑफजेम’च्या चौकशीनंतर अडीच कोटी पौंड भरण्याचे मान्य केले. एप्रिल २०२१ ते मार्च २०२२ या वर्षातील कॅनडाहून आलेल्या लाकडाच्या प्रकारांविषयीची माहिती पुरेशा पुराव्याविना आणि अपुऱ्या नियंत्रणाखाली सादर झाली होती, हा मुख्य आक्षेप होता. इंधन शाश्वततेच्या अटी मोडणारे होते, असा पुरावा नियामकाला मिळाला नव्हता. म्हणजे लाकडाबद्दल दोष सिद्ध न होताही केवळ त्याच्या नोंदींसाठी एवढी रक्कम मोजावी लागली. आपल्या कारखान्यातील नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला ही घटना समजावून सांगावी, असे मला वाटते.

पुरवठा क्षेत्राचा अहवाल लिहावा

एसबीपीच्या पद्धतीत कारखान्याने आपल्या ‘पुरवठा क्षेत्रा’चा अहवाल तयार करून तो सर्वांसाठी खुला ठेवावा लागतो. लाकूड ज्या भौगोलिक प्रदेशातून येते तो प्रदेश, तेथील एकूण वनक्षेत्र, मालकीचे प्रकार, प्रमुख वृक्षजाती, तोडीच्या पद्धती, आणि कारखान्याने वर्षभरात कोणत्या वर्गाचे किती लाकूड घेतले, ही माहिती त्यात असते. लॅटव्हियाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर जंगल आहे आणि त्यातील जवळपास निम्मे सरकारी मालकीचे आहे. ते ‘लातव्हियास व्हाल्स्त्स मेझी’ ही सरकारी कंपनी सांभाळते आणि त्याला एफएससी व पीईएफसी या दोन्ही आंतरराष्ट्रीय योजनांचे वनप्रमाणपत्र आहे. उरलेले बहुतांश जंगल एक लाखाहून अधिक खासगी मालकांमध्ये विभागलेले आहे. पाइन, बर्च आणि स्प्रूस या मुख्य जाती असून करडा आल्डर व अ‍ॅस्पेन यांचे कमी किमतीचे लाकूड पेलेटकडे अधिक वळते.

प्रमाणित जंगलातून, अखंड प्रमाणित साखळीने, म्हणजे हाताळणाऱ्या प्रत्येकाकडे प्रमाणपत्र असताना, आलेले लाकूड एसबीपीत थेट ‘अनुरूप’, म्हणजे योजनेच्या अटी पूर्ण करणारे, मानले जाते. अडचण असते ती लहान खासगी मालकांच्या लाकडाची, कारण पाच-दहा हेक्टरच्या मालकाने स्वतःचे वनप्रमाणपत्र घ्यावे ही अपेक्षाच व्यवहार्य नाही. येथे दोन मार्ग उरतात. असे लाकूड केवळ ‘नियंत्रित’ म्हणून नोंदवायचे, म्हणजे त्याची तपासणी कमी आणि किंमतही कमी. किंवा कारखान्याने स्वतः पुरवठा क्षेत्राचे मूल्यमापन करून ते अनुरूप असल्याचे सिद्ध करायचे. दुसरा मार्ग कष्टाचा आहे, पण प्रमाणनाचा खरा उपयोग तेथेच होतो. आधीच प्रमाणित असलेल्या सरकारी जंगलाला पेलेट कारखान्याच्या प्रमाणपत्रामुळे फारसा फरक पडत नाही. ज्या लहान तुकड्यावर आजवर कोणी तपासणीला गेले नव्हते, तेथे मात्र पडतो.

जोखमीचे मूल्यमापन जंगलात जाऊन करावे

मूल्यमापन म्हणजे मानकातील प्रत्येक निकषापुढे ‘जोखीम कमी’ किंवा ‘जोखीम निश्चित’ (म्हणजे उपाय करावा लागेल अशी जोखीम आहे) असा निष्कर्ष पुराव्यासह लिहिणे. लॅटव्हिया, एस्टोनिया, लिथुआनिया आणि डेन्मार्क यांसाठी एसबीपीने मान्य केलेली प्रादेशिक जोखीम मूल्यमापने उपलब्ध झाल्यामुळे तेथील कारखान्यांना शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. जेथे जोखीम निश्चित म्हटली आहे, तेथे ती कमी करण्याचे उपाय मात्र प्रत्येक कारखान्याने स्वतः आखावे लागतात.

बाल्टिक देशांतील सर्वांत नाजूक प्रश्न खासगी जंगलांतील मोलाच्या अधिवासांचा आहे. कायद्याने संरक्षित नसलेल्या एखाद्या तुकड्यातही शंभर-दीडशे वर्षांची रुंद फांद्यांची झाडे, उभी सुकलेली खोडे, जमिनीवर कुजणारे ओंडके, त्यांवरील दुर्मीळ शेवाळ व बुरशी, किंवा काळ्या करकोच्याचे घरटे असू शकते. नकाशावर हा तुकडा इतर कोणत्याही तुकड्यासारखाच दिसतो. म्हणून पुरवठादाराने तोडीपूर्वी दोन गोष्टी कराव्यात. राज्य वनसेवेकडून मिळालेल्या तोड-परवान्यावरील कक्षाचा, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या तुकड्याचा, क्रमांक घेऊन तो निसर्गसंरक्षण विभागाच्या ‘ओझोल्स’ या माहितीप्रणालीत तपासावा, आणि त्यानंतर प्रत्यक्ष कक्षात फिरून ठरावीक प्रश्नावली भरावी. मोठी जुनी झाडे आहेत का, मृत लाकूड किती व कोणत्या अवस्थेत आहे, पाण्याचा उगम किंवा ओढा आहे का, मोठे घरटे दिसते का, जुनी दफनभूमी किंवा सांस्कृतिक अवशेष आहेत का, असे हे प्रश्न असावेत. प्रश्नावली भरणाऱ्याला त्याचे प्रशिक्षण दिलेले असावे आणि त्याचे नाव, दिनांक व छायाचित्रे जोडलेली असावीत. उत्तर ‘होय’ आल्यास त्या कक्षातील लाकूड कारखान्याने अनुरूप म्हणून घेऊ नये, आणि घेतले नाही याचीही नोंद ठेवावी. वर्षभरात एकही कक्ष नाकारला गेला नसेल, तर उपाययोजना काम करत आहे यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही, आणि अनुभवी लेखापरीक्षकही ठेवत नाही.

दुसरी जोखीम माणसांची आहे. लहान कंत्राटदारांकडे साखळी-करवत चालवणाऱ्या कामगाराच्या डोक्यावर शिरस्त्राण, पायांना करवतरोधक विजार, कानांना संरक्षण आणि हातात प्रशिक्षणाचा दाखला आहे का, हे तोडीच्या ठिकाणी अचानक जाऊनच कळते. कार्यालयात बसून भरलेल्या सुरक्षिततेच्या तक्त्याला काही अर्थ नाही. कारखान्याने वर्षभरात किती ठिकाणी भेटी द्याव्यात हे पुरवठादारांची संख्या आणि आधीचे निष्कर्ष पाहून ठरवावे, आणि दोष आढळलेल्या पुरवठादाराकडे पुन्हा जावे.

मूल्यमापनाचा मसुदा तयार झाल्यावर तो संबंधितांपुढे मांडावा लागतो: स्थानिक संस्था, पक्षिमित्र, वनमालक संघटना, कामगार संघटना, विद्यापीठे, सरकारी विभाग. पुष्कळ कारखाने एक ठरावीक पत्र शंभर पत्त्यांवर पाठवतात आणि उत्तर आले नाही असे नोंदवून मोकळे होतात. त्याऐवजी पाच-सहा जाणकारांना प्रत्यक्ष भेटून कोणत्या भागात घरटी आहेत, कोठे तोडीविषयी तक्रारी आहेत, हे विचारावे. आलेला प्रत्येक आक्षेप आणि त्यावर घेतलेला निर्णय लिहून ठेवावा, विशेषतः आपल्याला न पटलेला आक्षेप.

विदर्भातील वनक्षेत्रांशी परिचय असलेल्या वाचकाला यातील बराच भाग ओळखीचा वाटेल. आपल्याकडेही कार्य आयोजना असते, कूप म्हणजे तोडीचा भाग आखला जातो, झाडांवर हातोड्याची खूण होते आणि लाकूड हलवताना वाहतूक परवाना लागतो. परवाना लाकडाच्या कायदेशीर हालचालीची साक्ष देतो. कूप पुन्हा हिरवा झाला का, हे तो सांगत नाही. प्रमाणनात नेमके तेच विचारले जाते. भारताने डिसेंबर २०२३ मध्ये ‘भारतीय वन आणि काष्ठ प्रमाणन योजना’ सुरू केली असून भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था ती चालवते. मात्र आपल्या औष्णिक केंद्रांत कोळशासोबत जाळले जाणारे पेलेट मुख्यतः शेतीच्या अवशेषांचे असल्यामुळे येथे वर्णन केलेली प्रक्रिया त्यांना जशीच्या तशी लागू होत नाही.

वजनाचा ताळेबंद जुळवावा

कारखान्यात सगळे लाकूड एकत्र दळले जात असल्यामुळे एखाद्या पेलेटमध्ये नेमके कोणत्या कक्षाचे लाकूड आहे, हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून वस्तुमान ताळेबंदाची पद्धत वापरतात: जितका अनुरूप कच्चा माल आत आला, त्यातून बनू शकेल तितकाच अनुरूप माल बाहेर विकता येतो. यासाठी कारखान्याकडे एफएससी, पीईएफसी अशा योजनेचे साखळी-प्रमाणपत्र असावे लागते, आणि त्याची तयारी सर्वांत आधी सुरू करावी.

ताळेबंद बिघडण्याचे मुख्य कारण आर्द्रता हे असते. ताज्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मे पाणी असते, तर पेलेटमध्ये आठ टक्क्यांच्या आसपास. १०,००० टन पेलेटमध्ये ९,२०० टन कोरडे लाकूड असते, आणि ५० टक्के आर्द्रतेच्या लाकडातून ते मिळवण्यासाठी १८,४०० टन ओले लाकूड लागते. भट्टीत वाळवणीसाठी जाळलेले लाकूड आणि साल वेगळी. समजा, कारखान्याने वर्षभरात १४,००० टन ओले अनुरूप लाकूड घेतले. त्यात ७,००० टन कोरडे लाकूड आहे, म्हणून त्यातून जास्तीत जास्त ७,६०० टनांच्या आसपास अनुरूप पेलेट विकता येतील. त्याने ९,००० टन विकले असतील, तर लेखापरीक्षकाला जंगलात जाण्याचीही गरज पडत नाही. दोष कागदावरच दिसतो. यासाठी प्रत्येक गाडीची आर्द्रता मोजावी, रूपांतराचा गुणांक प्रत्यक्ष मोजमापांवरून काढावा, आणि घनमीटर, ढलप्यांचे आकारमान व टन यांची सांगड कशी घातली हे लिहून ठेवावे.

याच नोंदींना युरोपीय संघाच्या २०२३ च्या जंगलतोडमुक्त मालाविषयीच्या नियमाचीही जोड द्यावी. लाकडी इंधन त्याच्या कक्षेत येते, आणि माल ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगलतोड झालेल्या भूखंडावरचा नाही हे भौगोलिक स्थानासह दाखवण्याची अपेक्षा त्यात आहे. त्याच्या अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली जात आली असली, तरी तोडीच्या जागेचे अक्षांश-रेखांश आतापासून गोळा करणे शहाणपणाचे ठरेल.

हरितगृह वायूंचा हिशेब मांडावा

कारखान्याने विजेचा वापर, वाळवणीचे इंधन, डिझेल, लाकूड आणण्याचे सरासरी अंतर आणि बंदरापर्यंतची वाहतूक यांची बारा महिन्यांची प्रत्यक्ष आकडेवारी द्यायची असते. ती मालासोबत पुढे जाते आणि अंतिम हिशेब वीजकेंद्र करते. विजेसाठी तुलनेचे जीवाश्म मूल्य, म्हणजे तीच ऊर्जा जीवाश्म इंधनातून मिळवल्यास होणारे उत्सर्जन, एका मेगाज्यूलला १८३ ग्रॅम आणि उष्णतेसाठी साधारणतः ८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड-समतुल्य धरले आहे. २०२१ पासून सुरू झालेल्या केंद्रांसाठी बचतीची किमान मर्यादा ७० टक्के होती. २० नोव्हेंबर २०२३ नंतर सुरू झालेल्यांना ८० टक्के बचत दाखवावी लागते.

समजा, केंद्रात पोहोचलेल्या पेलेटचे उत्सर्जन एका मेगाज्यूलला १३ ग्रॅम आहे. केंद्राची विद्युत कार्यक्षमता ३८ टक्के असल्यास विजेच्या एका मेगाज्यूलमागे ते ३४.२ ग्रॅम होते आणि बचत ८१ टक्क्यांवर जाते. तेच पेलेट ३३ टक्के कार्यक्षमतेच्या केंद्रात जाळले, तर उत्सर्जन ३९.४ ग्रॅमवर पोहोचते, बचत ७८.५ टक्के उरते आणि नवे केंद्र नापास होते. पेलेट तेच, जंगल तेच, तरीही निकाल वेगळा लागतो. कारखान्याच्या हातात सर्वांत मोठी गोष्ट वाळवणीची आहे: नैसर्गिक वायूऐवजी साल किंवा ढलप्यांची भट्टी वापरल्यास आकडा ठळकपणे खाली येतो.

या हिशेबात लाकूड जाळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड शून्य धरलेला आहे, हे ग्राहकाला आणि स्वतःलाही स्पष्ट सांगावे. त्यामागची कल्पना अशी की झाड तोडले गेले तेव्हाच तो कार्बन भूवापराच्या हिशेबात वजा झाला, म्हणून तो पुन्हा ऊर्जेच्या खात्यात मोजू नये. चिमणीतून तो वायू बाहेर पडतोच, आणि तोडलेले झाड त्याच आकाराचे होण्यास कित्येक दशके लागतात. फांद्या-शेंडे लवकर कुजणारच होते, त्यामुळे ते जाळण्याचा भार हवामानावर कमी पडतो. जाड ओंडके जाळण्याचा भार दीर्घकाळ राहतो. प्रमाणपत्र हा कालावधी मोजत नाही. म्हणून जाहिरातीत ‘कार्बनमुक्त’ असे शब्द लिहू नयेत. आपल्या प्रमाणपत्राने जे सिद्ध झाले तेवढेच लिहावे.

लेखापरीक्षण आणि त्यानंतर

प्रमाणन संस्था निवडताना तिला एसबीपीसाठी ‘अ‍ॅश्युरन्स सर्व्हिसेस इंटरनॅशनल’ची अधिस्वीकृती आहे याची खात्री करावी, आणि तिच्या लेखापरीक्षकांना स्थानिक भाषा व स्थानिक जंगल कळते का, हेही विचारावे. कमी शुल्कापेक्षा हा निकष अधिक महत्त्वाचा आहे. ज्या सल्लागाराने मूल्यमापन लिहून दिले, त्याचा लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थेशी कोणताही संबंध नसावा.

लेखापरीक्षक कागदपत्रे पाहतो, वजनकाट्यावरील व्यक्तीशी बोलतो, काही गाड्या निवडून त्यांचा माग उलट दिशेने कक्षापर्यंत काढतो आणि तोडीची ठिकाणे पाहतो. ही उलट तपासणी कारखान्याने महिनाभर आधी स्वतः करून पाहावी: विकलेल्या एखाद्या खेपेपासून सुरुवात करून चलन, वजन, पुरवठादार, तोड-परवाना, प्रश्नावली असे मागे जावे, आणि कोठे दुवा तुटतो ते शोधावे. आढळलेल्या त्रुटी गंभीर असतील, तर त्या दूर झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही; किरकोळ त्रुटींसाठी मुदत मिळते. सापडलेली त्रुटी झाकण्यासाठी जुन्या नोंदीत बदल करणे हा मात्र अक्षम्य अपराध आहे. चूक तशीच ठेवावी, तिच्याशेजारी दुरुस्ती, दिनांक आणि कारण लिहावे.

प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षांची असते आणि दरवर्षी देखरेख तपासणी होते. विकलेल्या प्रत्येक खेपेची नोंद एसबीपीच्या संगणकीय विदा-हस्तांतरण प्रणालीत करावी लागते. तिच्याद्वारेच दावा आणि उत्सर्जनाची माहिती ग्राहकापर्यंत पोहोचते. नवा पुरवठादार जोडताना, नवीन जिल्ह्यातून लाकूड घेताना, किंवा वादळाने पडलेली किंवा सालकिड्याने मारलेली झाडे मोठ्या प्रमाणावर बाजारात आल्यामुळे लाकडाचा प्रकार अचानक बदलताना, मूल्यमापन आधी अद्ययावत करावे आणि पहिली गाडी त्यानंतरच फाटकातून आत घ्यावी.